फाल्गुन वद्य तृतीयेची कैफियत

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर खेड-शिवापूर मागे पडले आणि नसरापूरचा फाटा अद्याप यावयाचा राहिला, म्हणजे वरवे बुद्रुक लागते. आणि प्रतिवर्षी १९ फेब्रुवारी जवळ आली की, कोणी प्रतापगडाहून तर कोणी रायगडाहून शिवज्योत प्रज्वलित करून आपापल्या गावी नेणारी तरुण मंडळी या रस्त्याने रात्रभर धावत असतात. पुढे मशाल उंच धरलेला अनवाणी पोर, त्याच्या मागेपुढे भगवे लावलेल्या मोटारसायकली आणि सर्वांच्या शेवटी दमलेले गडी, पाण्याचे जार व मशालीच्या तेलाचा डबा वाहणारा टेम्पो, असा हा लवाजमा असतो. यांपैकी कोणाच्याही मनात या तारखेविषयी शंका नसते, व ती असावी असे मुळीच नाही. परंतु ज्या कागदाने ही तारीख महाराष्ट्राच्या पदरात घातली तो कागद ते ज्या तालुक्यातून धावत आहेत त्याच तालुक्यात, भोरच्या पलीकडे रायरेश्वराच्या अंगाला असलेल्या कारी गावी, एका देशमुखाच्या दप्तरात पडून होता, ही हकीकत त्यांच्या कानी घालण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

कारीचे जेधे हे रोहिडखोऱ्याचे देशमुख. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी वतनावर पाणी सोडून पाच मुलांसह शिवाजी महाराजांच्या पाठीशी उभे राहिलेले कान्होजी जेधे याच घराण्यातले. आणि त्याच प्रसंगी खानाकडे गेलेला खंडोजी खोपडे हा त्याच खोऱ्यातील उत्रौळीचा. अशा भाऊबंदकीच्या, हक्कलवाजम्याच्या आणि वतनी तंट्यांच्या मुलखात जुन्या गोष्टींचे साल व मिती ध्यानात ठेवणे हा काही विद्याव्यासंग नव्हता. गोतसभेपुढे महजर होताना कोणती गोष्ट आधी घडली आणि कोणती नंतर, यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या हक्काचा निवाडा होत असे. म्हणून अशी घराणी टिपणे ठेवीत, ती जीर्ण झाली की पुन्हा उतरवून घेत, आणि घरच्या नोंदींशेजारी राज्यातल्या ठळक घडामोडीही मांडीत. आज जेधे शकावली म्हणून प्रसिद्ध असलेली यादी याच जातीची. शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतच्या सुमारे ऐंशी वर्षांचे हे टाचण आरंभ करते ते, गंमत अशी की, औरंगजेबाच्या जन्माने.

ही शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी ती १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात प्रसिद्ध केली. तोवर बखरींच्या आधारे शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इसवी सन १६२७ चा एप्रिल, ही महाराजांची जन्मतिथी सर्वमान्य होती, आणि १८९६ साली टिळकांच्याच पुढाकाराने सुरू झालेला शिवोत्सव वैशाखाचाच धागा धरून चालला होता. मात्र या तिथीविषयी टिळक स्वतः निःशंक नव्हते. १९०० साली ‘केसरी’त त्यांनी या प्रश्नाचा ऊहापोह केला होता. शकावलीत महाराजांचा जन्म शके १५५१, शुक्लनाम संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, शिवनेरी, असा घटिका-पळांसह नोंदला आहे. ‘ओरायन’ लिहिणाऱ्या गणितज्ञाला अशा नोंदीचे मोल कोणी समजावून सांगावयास नको होते, कारण तिथी खोटी असली तर वार तिच्याशी सहजासहजी जुळत नाही; आणि येथे तो जुळतो. मूळ शिवकालीन नव्हे तर उत्तरकालीन नकल, म्हणून तिच्यावर आक्षेप आले, ते अयोग्य होते असेही नाही. परंतु पुढे तंजावरकडे मिळालेले कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ सदाशिव महादेव दिवेकरांनी १९२७ साली प्रकाशात आणले, त्यातही हीच तिथी निघाली. जोधपूरला सापडलेल्या कुंडलीनेही तिलाच दुजोरा दिला. एकमेकांपासून शेकडो कोस दूर असलेल्या तीन ठिकाणच्या साक्षी एका मितीवर येतात, तेव्हा तो पुरावा मोडून काढणे कठीण असते, असे माझे मत आहे.

आता या मितीची १९ फेब्रुवारी कशी झाली, तेही पाहण्याजोगे आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हा शाळकरी हिशेब येथे दगा देतो; कारण फाल्गुन हा शकवर्षाचा अखेरचा महिना, आणि तोवर इसवी सन पालटलेला असल्याने ७९ मिळवावे लागतात. त्या शुक्रवारी मावळातल्या एखाद्या कारकुनाने कागद लिहिला असता तर त्याने माथ्यावर सुहूर सन सलासैन अलफ घातला असता. सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजाने १९ फेब्रुवारी १६२९ लिहिले असते, कारण त्याचे नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. आणि चौल किंवा वसईच्या फिरंग्याने पोप ग्रेगरीच्या सुधारलेल्या गणनेप्रमाणे १ मार्च १६३० अशी तारीख टाकली असती. म्हणजे आपण जी तारीख पाळतो ती इंग्रजांच्या जुन्या पद्धतीची, फक्त वर्षारंभ जानेवारीला धरलेला. आणि इंग्रजांनी ती पद्धत १७५२ साली अकरा दिवस गाळून टाकून दिली. योगायोगाची आवड असणाऱ्यांसाठी इतकेच सांगतो की, पोपच्या पंचांगसुधारणेला उपयोगी पडलेली कोष्टके ज्याच्या गणितावर उभी होती त्या कोपर्निकसचा जन्मही १९ फेब्रुवारीचाच, सन १४७३ चा.

याच तारखेला, १९१५ साली, पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले वारले. वार तोही शुक्रवार. स्मशानात त्यांच्या गौरवाचे भाषण करणाऱ्यांत त्यांचे आजन्म प्रतिपक्षी टिळक होते. त्या दिवसाला शिवजन्माचा दिवस म्हणून त्या वेळी पुण्यात कोणी ओळखत नव्हते, आणि अवघ्या वर्षभराने शकावली छापून त्याला ती ओळख देणारेही टिळकच.

सरकारदरबारी ती ओळख रुजू व्हावयास मात्र फार अवकाश लागला. १९६६ साली शासनाने इतिहासज्ञांची समिती नेमली. तिच्यात एकमत न झाल्याने वैशाखातली जुनी तिथीच चालू राहिली. आणि २००१ साली शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. तेव्हापासून शासकीय जयंती तारखेने आणि अनेक मंडळांची फाल्गुन वद्य तृतीयेला तिथीने, असा दुहेरी रिवाज पडला आहे. शुद्ध गणितच करावयाचे तर १ मार्च धरावी लागेल. पण मग राज्याभिषेकाची ६ जूनही १६ जूनवर न्यावी लागेल, आणि इतिहासाच्या पुस्तकांतील त्या काळच्या बहुतेक तारखांची हीच गत होईल. म्हणून ती भानगड कोणी करू नये. तिथीवाल्यांचा पक्ष मला या बाबतीत अधिक सरळ दिसतो, कारण शकावलीने तिथी सांगितली आहे, तारीख सांगितलेली नाही; तथापि सुटीचे पत्रक काढणाऱ्या कारकुनाला तारीख सोयीची पडते, हेही खरेच.

त्याच शकावलीत संभाजीराजांचा जन्म शके १५७९, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, गुरुवार, म्हणजे १४ मे १६५७ चा, पुरंदर किल्ल्यावरचा. सईबाईंना दूध पुरेना म्हणून ज्या धाराऊ गाडे यांनी राजपुत्राला वाढवले त्या वरव्याहून थोडे पुढे असलेल्या कापूरहोळच्या. आणि कारीला जावयाचे तर हमरस्ता सोडून भोरकडे वळावयाचे तेही याच कापूरहोळपाशी.