फडक्याला लागलेला रंग: गाडीच्या चकाकीची शंभर वर्षं

आजच्या भागाची सुरुवात एका कबुलीने करतो. मी बाबांच्या गाडीचं बॉनेट खराब केलंय. कुठे ठोकली नाही, कुणी घासून गेलं नाही. मी फक्त पॉलिश करायला गेलो होतो.

झालं असं. रविवारची सकाळ, सोसायटीचं पार्किंग. मित्राकडून आणलेलं बफिंग मशीन, रबिंग कंपाउंडचा एक डबा आणि आदल्या रात्री पाहिलेले पाच व्हिडिओ, एवढ्या भांडवलावर मी उभा होतो. गाडी काळी, नऊ वर्षांची. उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसायचे. वर्षानुवर्षं धुळीच्या फडक्याने पुसल्याचा तो परिणाम.

तासाभरात अर्धं बॉनेट आरशासारखं झालं. मी खूश! मग मशीन बॉनेटच्या पुढच्या कडेवर नेलं आणि पांढरा पॅड काळा व्हायला लागला. मला वाटलं, वा, मळ निघतोय. म्हणून तिथेच अजून दोन मिनिटं फिरवलं.

पुसून बघतो तर कडेला हाताच्या पंजाएवढा भाग निस्तेज. वॅक्स लावून पाहिलं, फरक नाही. बाबा खाली आले, त्या डागावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "फियाट मी पंधरा वर्षं घासली. तिला कधी असं झालं नाही रे."

ते चिडले नव्हते, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. आणि मलाही. कारण पॅड काळा झाल्यावर मी खूश झालो, ते त्यांच्यामुळेच. लहानपणी ते फियाटला पॉलिश करायचे तेव्हा फडकं लालभडक व्हायचं. "रंग निघाला म्हणजे काम झालं," हे त्यांचं वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मग ते वाक्य चुकीचं होतं का? अजिबात नाही. ते त्या गाडीसाठी बरोबर होतं. हे समजायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

आधी एक साधी गोष्ट

चकाकी म्हणजे नेमकं काय? पृष्ठभाग सपाट असला की प्रकाश एका दिशेने परततो आणि आपल्याला आरसा दिसतो. ओरखडा असला की त्याच्या कडांवरून प्रकाश वाटेल तिकडे फेकला जातो. म्हणजे ओरखडा घालवायचा तर दोनच मार्ग. एक, त्याची खाच भरून टाका. वॅक्स थोडंफार हेच करतं, म्हणून ते धुऊन गेलं की ओरखडे परत दिसतात. दुसरा, आजूबाजूचा थर खाचेच्या तळापर्यंत खाली आणा. हे पॉलिश. पॉलिश काही लावत नाही, ते काढतं. घरातल्या तांब्याच्या भांड्याला चिंच लावून घासतो ना, तिथेही वरचा काळा थर जातो, तेव्हाच खालचं तांबं चमकतं.

आता खरा प्रश्न असा: काढायला वर आहे काय, आणि किती?

बग्गीचा रंग

सुरुवातीच्या मोटारी रंगवायची पद्धत घोड्याच्या बग्गीवरून आली होती. तेलातला रंग, त्यावर वॉर्निश, सगळं ब्रशने. एक हात मारायचा, वाळू द्यायचा, प्युमिस दगडाच्या भुकटीने पाणी घालून घासायचा, मग पुढचा हात. एका गाडीला आठवडेच्या आठवडे लागत. घासणं होतंच, पण ते रंगाऱ्याचं काम होतं. मालकाच्या हातात गाडी यायची ती तयार.

मग हेन्री फोर्ड आला. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात चालती असेंब्ली लाइन सुरू झाली. गाड्या इतक्या वेगाने निघू लागल्या की रंग वाळायची वाट बघणं परवडेना. १९१४ ते १९२५ या काळात फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची. डांबराच्या जातीचा तो काळा रंग भट्टीत भाजून पक्का करत. स्वस्त, टिकाऊ. पण रंगीत गाडी हवी असेल तर परत तीच आठवड्यांची रांग.

ड्युको: सुताराच्या तोंडचा शब्द

तुमच्या घरी कधी फर्निचरचं काम निघालं असेल तर सुताराच्या तोंडून एक शब्द ऐकला असेल, "ड्युको". ड्युको फिनिश, ड्युको पेंट. हा शब्द कपाटाचा नाहीच मुळी. तो मोटारीचा आहे.

१९२० साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या पार्लिन इथे ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत नायट्रोसेल्युलोजवर काम चालू होतं. सिनेमाची फिल्म ज्यापासून बनायची तेच हे रसायन. त्याचं द्रावण एरवी काकवीसारखं घट्ट. तिथे अनपेक्षितपणे असं द्रावण हाती आलं की जे पातळ होतं, तरीही त्यात घन माल भरपूर होता. म्हणजे काय, तर ते फवारता येत होतं आणि भराभर वाळत होतं. यातून ड्युको तयार झाला. जनरल मोटर्सच्या चार्ल्स केटरिंग यांनी त्यासाठी जोर लावला, आणि १९२३ मध्ये ओकलंड ही निळ्या रंगाची गाडी ड्युको लावून लोकांसमोर आली.

केटरिंग यांचा एक किस्सा सांगतात. रंग इतक्या लवकर वाळूच शकत नाही म्हणणाऱ्या एका माणसाला त्यांनी जेवायला नेलं. परत येऊन तो आपली गाडी शोधतोय, तर सापडेना. जेवण होईपर्यंत तिचा रंगच बदलला होता! खरंखोटं देव जाणे, पण आठवड्यांचं काम तासांवर आलं होतं हे मात्र खरं. गाड्या रंगीत झाल्या आणि १९२६ पासून फोर्डलाही परत रंग आणावे लागले.

पण ड्युकोची एक खोड होती. फवारून वाळला की तो मंद दिसायचा. चमक आणायला घासावंच लागायचं. शिवाय ऊन-पावसात त्याचा वरचा थर मरायचा, खडूसारखा भुरकट व्हायचा. तो मेलेला थर काढला की खाली तोच रंग, ताजा.

आता घासायची पाळी मालकावर आली.

घासण्याचा धंदा

या पाळीभोवती एक अख्खा बाजार उभा राहिला, आणि त्यातली काही दुकानं आधीपासूनच थाटलेली होती. मेग्वायर्सची सुरुवात १९०१ मध्ये इंडियानात झाली, फर्निचरच्या पॉलिशपासून. शिकागोच्या सायमोनिझकडे दोन डबे असत: एक मेलेला थर काढणारा क्लीनर, दुसरा वर लावायचं वॅक्स. ते नाव इतकं रुळलं की इंग्रजीत "सायमोनाइझ करणं" म्हणजे गाडी चमकवणं, असं क्रियापदच झालं.

वॅक्ससाठी लागायचं कार्नोबा, म्हणजे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. त्याच्यामागे लोक किती वेडे होते? जॉन्सन वॅक्स कंपनीचे प्रमुख हर्बर्ट जॉन्सन १९३५ मध्ये स्वतः पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने अमेरिकेतून ब्राझीलला गेले, हे झाड अभ्यासायला!

आणि पाणी पेपर. रंगारी पाण्यात बुडवून जो पॉलिश पेपर वापरतात, तोही याच काळातला. फिलाडेल्फियाचे शाई बनवणारे फ्रान्सिस ओकी यांची ती कल्पना, ३एम कंपनीने १९२१ मध्ये बाजारात आणली. त्याआधी गाड्या कोरड्याच घासत आणि रंगातल्या शिशाची धूळ कामगारांच्या छातीत जायची. हाच पेपर तपासायला ३एमचा रिचर्ड ड्र्यू नावाचा पोरगेला माणूस सेंट पॉलच्या गॅरेजमध्ये जायचा. तिथे दोन रंगांची गाडी रंगवताना चिकटवलेला कागद काढला की रंगही सोलून येतो, म्हणून रंगारी वैतागलेले त्याने पाहिले. १९२५ मध्ये त्याने मास्किंग टेप काढली. ही टेप लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आपल्याकडे

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला. पुढे १९४४ मध्ये सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट म्हणजे पुढची पद्मिनी. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ मध्ये गेली.

बाबांची लाल फियाट त्याच घराण्यातली. रंगाचं रसायन बदललं असेल, पण मांडणी जुनीच: प्रायमरच्या वर फक्त लाल. वरपासून खालपर्यंत लाल. म्हणून पॉलिश केलं की फडकं लाल व्हायचं. उन्हाने मेलेला लाल रंग निघायचा आणि खालचा जिवंत लाल वर यायचा. फार घासलं तर प्रायमर दिसायचा, नाही असं नाही. पण बाबा हाताने घासायचे, मशीनने नाही. त्यांचा दंड आधी थकायचा.

मग बदललं काय?

धातूसारखे चकाकणारे मेटॅलिक रंग आले, तेव्हा अडचण झाली. त्यात अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात, ते उघडे राहिले की खराब होतात. म्हणून रंगाचा पातळ थर खाली आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट, अशी जोडी आली. १९८०च्या दशकात अमेरिका, युरोप, जपानमध्ये ती सर्रास झाली आणि पुढे साध्या रंगांनाही लागू झाली. आपल्या आजच्या बहुतेक गाड्या अशाच आहेत.

हा क्लिअर कोट किती जाड? साधारण ४० ते ५० मायक्रॉन. प्रिंटरचा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे अर्धा कागद! गाडीची सगळी चमक त्या अर्ध्या कागदात. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारं रसायनही त्यातच. आणि कडांवर हा थर आणखी पातळ. मशीन नेमकं तिथेच जास्त दाबलं जातं.

आता माझा पॅड आठवा. क्लिअर कोट घासला की त्याचा चुरा रंगहीन असतो. पॅडवर काळं आलं याचा अर्थ पारदर्शक थर संपला होता आणि मी खालचा रंग खात होतो. फियाटवर जी खूण "काम झालं" सांगायची, तीच या गाडीवर "थांब, संपलं" सांगत होती. मी ती जुन्या भाषेत वाचली.

हे मी बाबांना समजावलं. ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आम्ही रंग घासायचो, तुम्ही काच घासता." यापेक्षा नीट मलाही सांगता आलं नसतं.

तुम्ही पहिल्यांदा करणार असाल तर

गाडी नीट धुवा, धूळ राहिली तर तुम्ही पॉलिश नाही, ओरखडे मारताय. सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडने सुरुवात करा, तेही वहीच्या दोन पानांएवढ्या जागेवर. जमलं तर पुढे जा, नाही तर मगच कडक कंपाउंड. कडांवर आणि उठावाच्या रेघांवर मास्किंग टेप लावा. मशीन एका जागी थांबवू नका. आणि प्रत्येक ओरखडा गेलाच पाहिजे असा हट्ट नको. नखाला लागतो तो ओरखडा खोल असतो, त्याच्या मागे लागलात तर अर्धा कागद तिथेच संपेल.

माझं म्हणाल तर बॉनेट परत रंगवावं लागणार आहे. क्लिअर कोट डब्यातून परत चोळता येत नाही. खर्च मी देतोय, हळूहळू.

गेल्या रविवारी बाबांनी माळ्यावरून फियाटच्या वेळचा पत्र्याचा डबा काढला. आत एक फडकं होतं, वाळून कडक झालेलं, अजून लाल. मी ते फेकून देणार होतो. त्यांनी घडी करून परत ठेवलं.

तुमच्या घरच्या जुन्या गाडीचं फडकं कुठल्या रंगाचं व्हायचं? विचारा एकदा घरी, आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!