चोवीस तासांची पाळी

चार्ल्स डिकन्सची ‘द सिग्नलमन’ भूतकथा म्हणून ओळखली जाते. मला ती नोकरीची कथा वाटते. बोगद्याच्या तोंडाशी एक सिग्नलवाला एकटा ड्युटी करतोय. एका अपघातातले मृत आणि जखमी त्याच्या डोळ्यांदेखत नेले गेलेत. लाल दिव्यापाशी त्याला कुणीतरी दिसतं, इतरांना ऐकू न येणारी घंटा ऐकू येते. वरिष्ठांना कळवावं तर काय? कारण विचारतील, वेडा ठरवतील, कामावरून काढतील. म्हणून तो गप्प राहतो. भुतापेक्षा मला ही भीती जास्त ओळखीची वाटते. तुम्हालाही वाटेल.

ही कथा १८६६ची. त्याआधी पाच वर्षं इंग्लंडमध्येच, ब्रायटनजवळच्या क्लेटन बोगद्यात एक गाडी दुसरीवर आदळून २३ माणसं मेली होती. तिथला सिग्नलवाला त्या दिवशी सलग २४ तासांच्या पाळीवर होता. नेहमीची पाळी १८ तासांची, पण आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी हवी तर एवढं ओढावंच लागे. कथेमागे हाच अपघात असावा, असं बरेच अभ्यासक मानतात.

डिकन्सला स्वतःचाही अनुभव होता. ९ जून १८६५ला स्टेपलहर्स्टला त्याची गाडी पुलावरून घसरली, दहा जण दगावले. तो जखमींना पाणी आणि ब्रँडी पाजत फिरला. अंगावर जखम नव्हती, तरी नंतर कित्येक दिवस हात थरथरत आणि रेल्वेत बसलं की घाबरायला होई.

अशा, वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसांना होतं काय? जॉन एरिक एरिकसेन या लंडनच्या सर्जनने १८६६मध्येच उत्तर दिलं: हादऱ्याने मज्जारज्जूला इजा होते. लोक त्याला ‘रेल्वे स्पाइन’ म्हणू लागले. प्रवासी कोर्टात जाऊन भरपाई मिळवू लागले. कंपन्या वैतागल्या. मग १८८३मध्ये हर्बर्ट पेज या रेल्वे कंपनीच्याच सर्जनने पुस्तक लिहून सांगितलं, मज्जारज्जू वगैरे काही नाही, नुसती दहशतही माणसाला असं करू शकते. गंमत बघा, कंपनीचा पैसा वाचवायला निघालेला माणूस मनाच्या जखमेबद्दल जास्त बरोबर निघाला.

पण हा सगळा वाद मुख्यतः प्रवाशांचा. रूळ बदलणारा, झेंडा दाखवणारा, इंजिनात कोळसा टाकणारा त्यात जवळपास नाहीच. १८३७च्या एका निकालापासून इंग्लिश कोर्टांनी धरून ठेवलं होतं की सहकाऱ्याच्या चुकीने कामगाराला इजा झाली तर मालक जबाबदार नाही. कामातला धोका त्याने पगारासोबतच स्वीकारलेला असतो. तिकीट काढलेल्याचा धक्का मोजला गेला, पगार घेणाऱ्याचा नाही.

कामगारांसाठी भरपाईचा कायदा तिथे १८९७ला आला, आपल्याकडे १९२३ला. आपल्या कायद्याला पुढे एक तक्ता जोडलेला असे: कुठला अवयव गेला तर कमाईची क्षमता किती टक्के घटली असं धरायचं. अंगठा ३०, एक डोळा ४०, तर्जनी १४. मी तो वरपासून खालपर्यंत वाचलाय. लोकलखाली माणूस आलेला बघून त्याच गाडीचं हँडल पुन्हा हातात घेणाऱ्या मोटरमनसाठी त्यात ओळ नाही.