शववाहिका व लिमोझिनसाठी सेडान मोटारींचे रूपांतर

नेहमीच्या विक्रीसाठी तयार झालेली सेडान मोटार कापून, लांबवून तिची शववाहिका किंवा लिमोझिन करण्याची पद्धत अमेरिकेत दीर्घकाळ रूढ आहे. अशा रूपांतरासाठी मोटारीच्या दिमाखापेक्षा तिचा सांगाडा महत्त्वाचा ठरतो.

बांधणी

स्वतंत्र चासीवर बॉडी बसवलेल्या मोटारीत भार मुख्यतः चासी पेलते. ती मधोमध कापून पोलादी तुळयांनी लांबवता येते. मात्र प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकच्या नळ्या व विजेच्या ताराही वाढवाव्या लागतात. एकसंध (मोनोकॉक) बांधणीत फरशी, खांब व छप्पर मिळून भार वाहतात, त्यामुळे कापलेल्या जागी मूळचा ताठरपणा परत आणणे कठीण असते. पुढील चाकांना शक्ती देणाऱ्या मोटारीत असा शाफ्ट नसल्याने मागील फरशी सखल ठेवता येते. शवपेटी चढवण्यास ते सोयीचे असले, तरी मागचा भार वाढल्यावर चढावर पुढील चाकांची पकड कमी पडते.

शववाहिकेत छप्पर उंच करून मागे रुंद दार बसवतात. ती सहसा संथ चालते व तिच्यात माणसे थोडी असतात. लिमोझिनमध्ये माणसे अधिक, म्हणून ब्रेक व सस्पेन्शनची खरी कसोटी तिथेच लागते.

लिंकन टाउन कार

स्वतंत्र चासी, व्ही-८ इंजिन आणि मागील चाकांना शक्ती यांमुळे फोर्ड कंपनीची ही मोटार लिमोझिन बांधणाऱ्यांची विशेष पसंतीची होती. फोर्ड त्यासाठी अधिक मजबूत भागांची आवृत्ती पुरवत असे व मान्यताप्राप्त रूपांतरकारांना वजन-लांबीच्या मर्यादा घालून देत असे.

अनुकूल चासी असली म्हणजे धोका टळतोच असे नाही. ४ मे २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन मटेओ-हेवर्ड पुलावर १९९९ च्या टाउन कारपासून बनवलेल्या लिमोझिनला आग लागून पाच महिला मृत्युमुखी पडल्या. मागील एअर सस्पेन्शन निकामी होऊन फिरता शाफ्ट फरशीला घासला व त्या उष्णतेने आतील गालिचा पेटला, असे महामार्ग पोलिसांच्या तपासात आढळले. आठ प्रवाशांची परवानगी असलेल्या या गाडीत नऊ जणी होत्या.

टाउन कारचे उत्पादन २०११ मध्ये थांबले. त्यानंतर रूपांतरासाठी वापरात आलेल्या कॅडिलॅक एक्सटीएस व लिंकन एमकेटी या दोन्ही मोटारी एकसंध बांधणीच्या होत्या. त्यांपैकी एमकेटी तर सेडानही नव्हती.