पमादट्ठान आणि दंडनीती : मादक द्रव्यांच्या वैधतेचा ऐतिहासिक विचार

मादक द्रव्यांचे सेवन कायद्याने मान्य करावे की दंडनीय ठेवावे, हा वाद आज अनेक देशांत चालू आहे. उरुग्वेने २०१३ साली आणि कॅनडाने २०१८ साली गांजाला कायद्याची मान्यता दिली. बहुसंख्य बौद्ध असलेल्या थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून वगळला. परंतु जून २०२५ मध्ये त्याच्या विक्रीस पुन्हा वैद्यकीय चिठ्ठीचे बंधन घातले. या वादात बुद्धवचनाचा आधार दोन्ही बाजूंनी घेतला जातो. पाचवे शील आहे, म्हणून राज्याने कठोर शिक्षा करावी, असे काही जण म्हणतात. शील ऐच्छिक आहे आणि विनयात तर भांगेलाही अनुमती आहे, म्हणून बंदी नको, असे इतर काही म्हणतात. विहारातील प्रवचनानंतर हे प्रश्न आम्हांसही विचारले जातात. म्हणून मूळ ग्रंथ काय सांगतात आणि आपल्या देशातील कायद्याचा इतिहास काय सांगतो, हे येथे क्रमाने पाहू.

प्रथम शीलाची शब्दयोजना पाहावी. विनयाच्या विवरणानुसार सुरा म्हणजे पीठ, भात इत्यादींपासून केलेले मद्य आणि मेरय म्हणजे फुले, फळे, मध, गूळ यांचा आसव. गांजा वा अफू यांचा तेथे नामोल्लेख नाही. तथापि शीलाचा हेतू ‘पमादट्ठान’ या पदात आहे. पमाद म्हणजे स्मृतीचा लोप, असावधपणा. त्याला जे कारण होते ते वर्ज्य. या हेतूने पाहता आजची सर्व मादक द्रव्ये शीलाच्या कक्षेत येतात, असे आमचे मत आहे. परंतु त्याच वाक्यातील ‘वेरमणि’ आणि ‘समादियामि’ ही पदेही तितकीच महत्त्वाची आहेत. वेरमणि म्हणजे विरती, समादियामि म्हणजे मी स्वीकारतो. शील हे स्वतः घेतलेले व्रत आहे. ती दुसऱ्यावर बजावलेली आज्ञा नव्हे.

भिक्खूंसाठी सुरापानाचा नियम कसा झाला, ती कथा बोधप्रद आहे. सागत थेरांनी भद्दवतिका गावाजवळच्या एका आश्रमातील विषारी नागाला आपल्या सामर्थ्याने नमविले, अशी त्यांची ख्याती होती. कोसंबीच्या उपासकांना त्यांचा सत्कार करावयाचा होता. छब्बग्गिय भिक्खूंनी त्यांना सुचविले की, घरोघरी कापोतिका नावाचे मद्य सिद्ध ठेवावे. सागत घरोघरी ते प्याले आणि नगराच्या वेशीपाशी कोसळले. भगवंतांनी त्यांना आरामात आणविले. बेशुद्धीत त्यांचे पाय भगवंतांकडे वळले. तेव्हा भगवंतांनी भिक्खूंना विचारले, हा पूर्वी आपला आदर करीत नव्हता काय? आणि नागाशी झुंजणारा हा आता पाणसापाशी तरी झुंजू शकेल काय? त्यानंतर नियम झाला. तो पाराजिकांमध्ये नाही, पाचित्तियांमध्ये आहे. म्हणजे दोषी भिक्खू संघातून बहिष्कृत होत नाही. दोष कबूल करून तो शुद्ध होतो. प्रमाद घडला, त्याचे कारण सर्वांसमोर विवेकाने दाखविले गेले आणि माणूस संघातच राहिला, ही या कथेतील मर्माची गोष्ट होय.

आता भांगेच्या अनुमतीविषयी. महावग्गातील भेसज्जक्खंधकात वाताने पीडित झालेल्या पिलिंदवच्छ थेरांसाठी शेक घेण्याचे अनेक प्रकार सांगितले आहेत. त्यांत ‘भंगोदक’ हा शब्द येतो. त्याचे भाषांतर काहींनी ‘भांगेचे पाणी’ असे केले आणि तेवढ्यावरून मोठे निष्कर्ष काढले गेले. अट्ठकथेत मात्र नाना प्रकारचा पाला तोडून उकळलेले पाणी, असा अर्थ दिला आहे. ते पाणी अंगावर शिंपून घाम आणावयाचा असतो. ते प्यावयाचे नसते. ‘भंग’ हा शब्द चीवराच्या अनुज्ञात वस्त्रांमध्येही येतो. तेथे त्या झाडाच्या तंतूंचे कापड अभिप्रेत आहे. त्याच खंधकात औषधी तेलात मद्य मिसळण्यास अनुमती आहे. परंतु पिण्याच्या तेलात मद्याचा रंग, गंध व रस जाणवता कामा नये, अशी मर्यादा आहे. औषध आणि नशा यांतील भेद विनयकारांना पुरता ठाऊक होता. औषधाची अनुमती दाखवून नशेचे समर्थन करणे ग्रंथाला धरून नाही.

परंतु दंडाच्या समर्थकांनाही ग्रंथांचा आधार मिळत नाही. अंगुत्तर निकायात उपासकाने न करावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे. सेवनाइतकाच व्यापाराचाही विचार येथे झाला आहे. सिगालोवाद सुत्तात मद्यपानाचे सहा दुष्परिणाम येतात: धनहानी, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि प्रज्ञेचे दौर्बल्य. हे सर्व अनुभवाने पडताळता येतील असे परिणाम आहेत. दीघ निकायातील कूटदंत सुत्त तर राज्यनीतीविषयीच बोलते. तेथील पुरोहित राजाला सांगतो की, वध, बंधन, दंड आणि हद्दपारी यांनी चोरांचा उपद्रव मुळापासून नष्ट होणार नाही. शेतकऱ्यास बीज, व्यापाऱ्यास भांडवल आणि सेवकास वेतन द्यावे, मग लोक आपापल्या कामात रमतील. हा उपदेश मादक द्रव्यांविषयी नाही, हे खरे. तथापि शिक्षेच्या मर्यादेविषयीचा हा प्राचीन विचार आजच्या वादातही लक्षात घेण्याजोगा आहे.

ग्रंथांकडून आता आपल्या कायद्याकडे वळू. मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन यांनी बंगालमधील गांजाच्या दुष्परिणामांविषयी प्रश्न विचारला आणि त्यातून भारतीय भांग-गांजा आयोग नेमला गेला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. सात सदस्यांपैकी तीन भारतीय होते. आयोगाने १,१९३ साक्षी नोंदविल्या. गांजाने वेड लागते, हा तेव्हाचा प्रबळ समज होता. आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासल्या. वेडाचे कारण लिहिण्याचा रकाना बहुधा पोलिसांकडून आलेल्या कागदांवरून भरला जाई, असे दिसून आले. १८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की, मर्यादित सेवनाने सहसा मोठी हानी होत नाही, अतिसेवनाने होते. म्हणून संपूर्ण बंदी न करता परवाने, कर आणि बाळगण्याच्या परिमाणाची मर्यादा यांनी नियंत्रण ठेवावे. दोन भारतीय सदस्यांनी आपली भिन्न मते अहवालास जोडली. गांजावरील करातून सरकारला उत्पन्न मिळत होते, हेही विसरून चालणार नाही. तरीही ऐकीव समजुतीपेक्षा तपासाला मान देण्याची आयोगाची पद्धत आजही अनुकरणीय आहे.

पुढे २४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मद्य व मादक द्रव्यांच्या बंदीवर चर्चा झाली. त्यातूनच आजच्या अनुच्छेद ४७ मधील तरतूद आली. कोल्हापूरचे बी. एच. खर्डेकर यांनी बंदीला विरोध केला. जयपाल सिंग यांनी आदिवासींच्या जीवनातील तांदळाच्या पेयाचे स्थान सांगून आक्षेप घेतला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुरुस्ती स्वीकारली. परंतु हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने राज्यावर ते तत्काळ अमलात आणण्याची सक्ती नाही, असा खुलासाही केला. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी जनसमुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. राज्यासाठी मार्गदर्शक तत्त्व आणि अनुयायासाठी प्रतिज्ञा, या दोन गोष्टी येथे वेगवेगळ्या राहिल्या. हा भेद आम्हांस अत्यंत महत्त्वाचा वाटतो.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने चरस व गांजा यांवर कठोर निर्बंध आले. नुसत्या पानांची भांग मात्र त्याच्या व्याख्येबाहेर राहून राज्यांच्या कायद्यांकडे गेली. एकाच झाडाचे एक अंग तुरुंगात नेते आणि दुसरे काही राज्यांत परवान्याच्या दुकानात मिळते, अशी ही स्थिती आहे. १९८९ च्या दुरुस्तीने ठरावीक पुनरपराधांसाठी मृत्युदंड अनिवार्य केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली ही अनिवार्यता घटनाबाह्य ठरविली आणि २०१४ च्या दुरुस्तीने ती कायद्यातून गेली. २००१ साली शिक्षा द्रव्याच्या परिमाणानुसार ठरू लागली. स्वतःहून उपचार स्वीकारणाऱ्या व्यसनाधीनास खटल्यातून सूट देण्याचीही तरतूद कायद्यात आहे. कायदा स्वतःच हळूहळू दंडाकडून भेदाभेदाच्या विवेकाकडे सरकत आला आहे, असे यावरून दिसते.

या सर्व विवेचनातून आमचा निष्कर्ष असा की, शील आणि दंड यांची क्षेत्रे भिन्न आहेत. उद्या एखादे द्रव्य कायद्याने मोकळे झाले, तरी ते पमादट्ठानच राहील. कायद्याची परवानगी हे शीलभंगाचे कारण होऊ शकत नाही. उलटपक्षी, आपण शील पाळतो म्हणून ते न पाळणाऱ्यास तुरुंगात घालावे, असेही ठरत नाही. वैधतेचा निर्णय करताना विचारावयाचे प्रश्न वेगळे आहेत: हानी किती, व्यापारातून लाभ कोणाचा आणि शिक्षेचा भार कोणावर? मोठा व्यापारी सुटतो आणि वस्तीतला पोरगा अडकतो, असे जेथे घडते तेथे शीलही वाचत नाही आणि न्यायही होत नाही.

व्यसनात सापडलेला तरुण विहाराच्या पायरीशी आला, तर त्याला हाकलून देणारे आपण कोण? सागत थेरांना वेशीपाशी पडलेले टाकून दिले नव्हते. त्यांना उचलून आरामात आणले होते. कायदा कोणताही असो, एवढे करणे आजही आपल्या हाती आहे.