दिनविशेष – २९ जानेवारी

१९९२ : भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध सुरू. भारताने इस्रायलला मान्यता दिली होती ती १७ सप्टेंबर १९५० रोजी. राजधानीत इस्रायली दूतावास यायला मात्र नरसिंह राव यांच्या काळापर्यंत थांबावे लागले.

दिल्लीतले सिनेगॉग त्याआधीचे, १९५६चे. हुमायून रोडवर खान मार्केटजवळ, ज्यू दफनभूमीला लागून असलेले हे ‘जुदाह हायम सिनेगॉग’ अगदी बसके, साधे. पुण्याच्या ‘लाल देऊळ’ सिनेगॉगसारखा उंच मनोरा इथे नाही. उत्तरेतली मराठी खूण म्हटली की आपल्याला पानिपतचा काला अंबच आठवतो. पण या प्रार्थनास्थळाचा कारभार वर्षानुवर्षे पाहणारे इझिकेल आयझॅक मळेकर हेही पुण्याचे, मराठीभाषक बेने इस्रायली ज्यू. अलिबागजवळच्या नवगावला आपले पूर्वज उतरले, असे मानणारा हा समाज. तेलघाणा चालवायचा आणि शनिवारी बंद ठेवायचा, म्हणून कोकणात ‘शनवार तेली’. आडनावे पेणकर, रोहेकर अशी गावांवरून आलेली. नवसाला एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात : भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ आणि वर फळे.

दिल्लीत ज्यू कुटुंबे मोजकीच. सार्वजनिक प्रार्थनेला परंपरेने दहा पुरुष लागतात. मळेकरांनी त्या दहांत स्त्रियाही मोजल्या. स्त्री-पुरुष इथे एकत्रच बसतात.