पेटीवाल्याची नाटक मंडळी

भजनी मंडळातला पेटीवाला रुसला की गावात दुसरे मंडळ उभे राहते, हे पारशिवनीकरांना आम्ही सांगावयास नको. ते मंडळ चार दिवसांत बसले, की लोक म्हणतात, "उगाच फुटला!" हा निकाल कितपत न्याय्य आहे, हे एका थोर पेटीवाल्याच्या उदाहरणावरून पाहू.

गोविंदराव टेंबे हे कोल्हापूरकडचे. हार्मोनियमवर त्यांची बोटे अशी फिरत की साथीचे वाद्य स्वतंत्र मैफलीचे धनी झाले. १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीच्या 'मानापमाना'ला त्यांनी पूरबी ठुमरीच्या ढंगाच्या चाली दिल्या आणि नाट्यसंगीताला नवे वळण लागले. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे किर्लोस्करांतून बाहेर पडले व गंधर्व नाटक मंडळी निघाली. पण १९१५ साली टेंबे तेथूनही निघाले आणि त्यांनी 'शिवराज नाटक मंडळी' काढली.

येथे नाटके तेच लिहीत, चाली तेच देत, भूमिकाही करीत. परंतु नाटक मंडळी म्हणजे बिऱ्हाड. नटांचे पगार, आचारी, पडदे, रेल्वेचे भाडे, सारे तिकीटविक्रीतून निघावयाचे. उत्तम चाल सुचली म्हणून उद्याचा शिधा येत नाही. शिवाय ज्याच्या नावावर थिएटर भरावे असा बालगंधर्व एकच होता, आणि तो पलीकडे राहिला होता. मंडळी फार काळ टिकली नाही, याचे कारण आमच्या मते हेच.

मग हे फुटणे वाया गेले काय? टेंब्यांच्या जागी गंधर्व मंडळीत चाली देण्याचे काम भास्करबुवा बखल्यांकडे गेले. टेंबे ज्यांना गुरुस्थानी मानीत, तेच हे बुवा! त्यातून १९१६ साली 'स्वयंवर' उभे राहिले. इकडे टेंब्यांना लेखक, गायक नट आणि संगीतकार अशा तिन्ही कामांचा सराव झाला. १९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत ही दोन्ही त्यांचीच.

गावोगाव मंडळे फुटावीत, असे आम्ही म्हणत नाही. फुटण्याने पोटे उपाशी राहतात, जुने स्नेह तुटतात. मात्र बंद पडलेल्या मंडळीचा हिशेब करताना केवळ तिची वर्षे मोजू नयेत. तिच्यातून निघालेली माणसे पुढे काय करती झाली, तेही जमेस धरावे.