सुईण आणि विद्युत्स्पंद
चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ साली गडचिरोलीचा कारभार स्वतंत्र झाला, तेव्हा त्या अरण्यमय मुलखात प्रसूती बहुधा घरीच होत असे, आणि कळांनी व्याकूळ झालेल्या स्त्रीची कंबर चोळणारा सुइणीचा हात हाच तिचा मोठा आधार होता. १९८६ मध्ये डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथे ‘सर्च’ ही आरोग्यसंस्था स्थापन केली. तिने या सुइणींना प्रशिक्षण दिले. सुइणीच्या चोळण्यासारख्या स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूतच वेदनेचा मार्ग रोखतात, हा सिद्धांत संशोधक मेल्झॅक व वॉल यांनी १९६५ साली मांडला, आणि त्याच तत्त्वावर त्वचेतून सौम्य विद्युत्स्पंद देणारे ‘टेन्स’ यंत्र उभे राहिले. प्रसूतीतील त्याच्या गुणाचा पुरावा अद्याप मर्यादित असल्याने यंत्र वैद्यकीय सल्ल्यानेच निवडावे, आणि सुइणीचे अनुभवसिद्ध ज्ञानही आरोग्यव्यवस्थेने सन्मानपूर्वक जतन करावे.